मूठभर भडंग

सहामाहीच्या निकालाला मगदूम बाई पालकांच्या हातात आधी मूठभर भडंग द्यायच्या, मग प्रगतिपुस्तक. नुसतं देऊन थांबायच्या नाहीत, समोर बसवून खायला लावायच्या. "तोंडात चिरमुरं असलं की माणूस दुसऱ्याच्या पोराचं मार्क इचारत न्हाय," हे त्यांचं शास्त्र. मी तोंड रिकामं होईपर्यंत दम धरला आणि विचारलंच, "वेदला किती?" बाईंनी डबा पुन्हा माझ्यापुढं धरला. आता निकाल मोबाईलवर येतो, आयांच्या ग्रुपवर सगळ्यांचे मार्क फिरतात आणि मला त्या डब्याची फार आठवण येते.

वेद माझ्या जावेचा मुलगा. तो आणि माझी रेवा एकाच घरात, पहिलीच्या एकाच वर्गात. वेद शाहूपुरीतल्या दुकानांच्या पाट्या धडाधड वाचायचा. रेवा दोन अक्षरांवर अडायची. पाहुणे आले की सासरे दोघांना शेजारी उभं करून वर्तमानपत्र वाचायला लावायचे. वेदचं कौतुक व्हायचं आणि रेवा पाणी आणायच्या निमित्तानं आत जायची, ती बाहेर यायचीच नाही. पुढच्या वर्षी हिला पुन्हा पहिलीतच बसवायचं, असं घरात ठरत आलं होतं.

मी रडकुंडीला येऊन बाईंना गाठलं. त्या फळा पुसत होत्या. "वाचंल की," म्हणाल्या. "गोष्ट सांगताना पोरगी माझ्या तोंडाकडं बघत बसत्या. पोटभर ऐकू दे तिला आधी. आन् घरात त्या दोघांची जत्रंतली कुस्ती लावू नगासा."

रविवारी बाई डबा घेऊन घरीच आल्या. नेमके सासऱ्यांनी पाहुण्यांपुढं दोघांना उभं केलं होतं. "अण्णा, आदी हे खावा. पावणं, तुमी बी घ्या," म्हणत बाईंनी अण्णांच्या आणि पाहुण्यांच्या मुठी भरल्या आणि पोरांना खेळायला पिटाळलं. आमच्या घरात अण्णांना मध्येच तोडायची कुणाची छाती नव्हती. ते मुकाट्यानं चावत बसले, आणि पुन्हा पहिलीत बसवायचा विषयही त्यानंतर निघाला नाही.

उन्हाळ्याच्या तोंडावर बाई आजारी पडल्या आणि त्यातून उठल्या नाहीत. रेवा रोज विचारायची, बाई कधी येणार? येतील, म्हणायचे मी. त्या गेल्यावरही तिला सांगायचा मला धीर झाला नाही.

दोन दिवसांनी बाजारात जाताना चौकात जुन्या विद्यार्थ्यांनी लावलेला फलक दिसला. त्यावर बाईंचा हसरा फोटो होता. मी रेवाला दुसरीकडं वळवणार, तोच ती थांबली. बोट हवेत फिरवत म्हणाली, "म... ग... दू... म. मगदूम. बा... ई." एकटीनं, कुणी न सांगता. वर मोठ्या अक्षरांत 'भावपूर्ण श्रद्धांजली' होतं, पण जोडाक्षरं तिला अजून येत नव्हती.

"आई, मला वाचता आलं. बाईंना सांगूया की."

ती माझा हात ओढत शाळेच्या रस्त्याला लागली. मी तिला अडवलं नाही. तेवढ्या वाटेपुरत्या तरी बाई होत्या.