सुमतीताईचा रिसर्च आणि उत्रोलीचा पैरा

वाचनालयाचे तरुण मास्तर माझ्या ओट्याला चिकटून बसलेत. म्हणतात, धोंडिबा, सुमतीताईंच्या रिसर्चच्या गोष्टी तुम्हीच लिहा, आमच्या अंकात छापू. अरे, मी मराठी तिसरीत शाळा सोडलेला गाडीवान. ज्यांनी एम.ए. केलं त्यांना विचारा की. तर म्हणे त्या स्वतःबद्दल बोलत नाहीत. मग मी काय रिकामा आहे? पण गाडीवानाचं असंच होतं. माणूस गाडीत बसला की रस्ताभर बोलतो, उतरला की विसरतो, आणि सगळं आमच्या डोक्यात साचून राहतं. काढायचं म्हटलं तर संपत नाही. घ्या तर. छापताना शहाणपणा करून दुरुस्त्या करू नका.

सुमतीताई म्हणजे भोरच्या नानासाहेब वकिलांची थोरली मुलगी. परकरात होती तेव्हापासून माझ्या गाडीत बसलेली, म्हणून मी तिला एकेरीच लिहिणार. बी.ए. झाली आणि एम.ए. करीन म्हणाली, तेही परीक्षा देऊन नाही, रिसर्च करून. रिसर्च म्हणजे काय ते तेव्हा भोरात कोणाला ठाऊक नव्हतं. नानासाहेबांनाही नव्हतं, पण ते तसं म्हणाले नाहीत. पुण्याच्या तिच्या प्रोफेसरांनी सांगितलं होतं, आधी कामाचा आराखडा करा. गणपतीच्या सुमारास मी भोरला येऊन ऐकीन, पसंत पडला तरच नाव घालीन. आणि नानासाहेबांनी सांगितलं होतं, सर नाही म्हणाले तर साताऱ्याचं स्थळ थांबलंय, मुकाट्यानं बोहल्यावर उभी राहा. असा डाव होता. फिरायला गाडी माझी.

*

पहिला आराखडा घेऊन ती पुण्याला गेली. येताना भोरची मोटार मिळणार नव्हती, म्हणून मी कापूरहोळला गाडी जुंपून थांबलो होतो. उतरली ती तोंड पाडूनच. विषय नेला होता ‘भोर संस्थानातली शेती’. सरांनी वाचला, चष्मा काढला आणि एवढंच विचारलं, “तुम्ही किती वर्षं जगणार आहात?”

दुसरी असती तर रडली असती. ही गाडीत बसली आणि विषय कापत सुटली. आधी नाचणी आणि वरी काढून टाकली, भात ठेवलं. मग मळणी काढली, विक्री काढली, लावणी ठेवली. मग एकेक गाव काढत गेली. मी पुढं बैल हाकतोय आणि मागं ही शेती काढून टाकतेय! कापूरहोळला गाडीत अख्खं संस्थान चढलं होतं, भोरला उतरलं ते जवळच्या उत्रोलीचं भाताचं एक खाचर. त्यातही फक्त लावणीचा पैरा. पैरा म्हणजे आज तुम्ही माझ्या शेतात राबा, उद्या मी तुमच्या. मजुरी नाही, कागद नाही. कोण कोणाला पैऱ्यात घेतं आणि कोणाला घेत नाही, ते तिला शोधायचं होतं.

मी म्हटलं, “ताई, ह्यात शोधायचं काय? हे आमाला समद्यांना म्हाईत हाय.”

“मग सांगा, धोंडिबा, तुम्हाला कोण घेत नाही?”

मी बैलांना चाबूक दाखवला.

*

उत्रोलीच्या आधी आजूबाजूच्या वाड्यांवर सराव करायचा ठरला. पहिल्या वाडीत तिनं विचारलं, भात किती होतं, बैल किती, घरात माणसं किती. वाडीला वाटलं, शेतसारा वाढवायला कोणी आलंय. झालं, कोणाकडंच काही नाही. एक म्हातारा म्हणाला, बैल कुठला बाई, हितं पोटाला न्हाई. आणि त्याचा बैल मागून मान काढून त्याच्याच पागोट्याचा सोगा चघळत होता. म्हातारा सोगा सोडवेना. सोडवला तर बैल कबूल करावा लागणार!

पुढच्या वाडीत मी तोंड उघडलं नाही, पण लोकांनी आपलंच ठरवलं की शिकलेली मुलगी घरोघर भात, बैल, माणसं विचारते, म्हणजे कोणासाठी तरी स्थळ बघत फिरतेय. तिथं भात ठेवायला जागा पुरेना. शेजाऱ्याचे बैल आणून दावणीला बांधले. एका बाईनं तर आपल्या मुलाला नवा सदरा घालून समोर आणून उभा केला.

परतताना ताई हसत होती. मी म्हटलं, समदं खोटं लिवून आणलंत, आणि हसताय काय? ती म्हणाली, “जमीन सारखी, पाऊस सारखा. लोकांनी मला कोण समजावं, एवढाच फरक. धोंडिबा, चूक सापडली!”

चूक सापडली म्हणून आनंद झालेलं माणूस मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. आमच्याकडं ती दुसऱ्याच्या गळ्यात घालायची पद्धत आहे. तिनं प्रश्नांचा कागद फाडला आणि तिथून पुढं प्रत्येक घरात एकच सुरुवात केली: काल तुमच्या शेतात कोण कोण होतं? ह्याला कोणी खोटं बोलत नाही. शेजारी ऐकत असतात.

*

उत्रोलीत सगळी घरं गाठायला वेळ नव्हता. तिनं घरांच्या नावाच्या चिठ्ठ्या केल्या आणि देवळात पुजाऱ्याच्या म्हातारीला उचलायला लावल्या. ज्यांची निघाली त्यांनाच विचारायचं. नेमकी पाटलांची निघाली नाही. गावातलं कुठलंही काम पाटलांच्या ओसरीवरून सुरू होणार, हा रिवाज. पाटलांनी बोलावणं धाडलं. मी म्हटलं, ताई, घाला त्यांचं नाव, कोणाला कळतंय?

“मला कळतंय,” ती म्हणाली.

पाटलांकडं गेली. वाकून नमस्कार केला, गूळपाणी घेतलं, सुनेची चौकशी केली. प्रश्न एकही विचारला नाही. शेवटी पाटीलच सांगत सुटले, पैऱ्यात कोण चालतं, कोणाला बांधावरून परत लावतात, का लावतात. ताई मन लावून ऐकत होती, पण पेन्सिल काही उचलली नाही.

“लिव की, पोरी.”

“काका, तुमच्या घराची चिठ्ठी निघाली नाही. ऐकायला आवडलं, पण लिहिता यायचं नाही.”

पाटलांनी मिशीवरून हात फिरवला. मग माझ्याकडं वळून म्हणाले, “धोंडिबा, ही वकिलाची पोर वाटत न्हाई. वकील कवाच लिवून मोकळा झाला असता.”

*

लावणी सुरू झाली. सरूबाई म्हणून एक खमकी बाई होती, पहिला पैरा तिच्या खाचरात. ताई छत्री घेऊन बांधावर बघत उभी. वकिलाची मुलगी बघायला आली म्हणून सरूबाईनं झुणका-भाकरीच्या जागी पुरणपोळी केली. दुसऱ्या दिवशी पैरा दुसऱ्याच्या शेतात, तिथंही ताई हजर. मग तिथंही पुरण. सरूबाईपेक्षा कमी कोण करणार? असं घरोघर सुरू झालं. शेवटी सरूबाईच बांधावर येऊन म्हणाली, “बाई, तू बघायचं थांबीव. न्हाईतर गावात हरभऱ्याची डाळ उरायची न्हाई.”

ताईनं छत्री माझ्या हातात दिली, पदर खोचला आणि सरूबाईच्या राहिलेल्या तुकड्यात उतरली. पोटरीपर्यंत चिखल! राबणारीला कोण पुरणपोळी घालतं? त्या दिवसापासून झुणका परत आला. तिची ओळ अशी वाकडी, की मागून सरूबाई रोपं उपटून पुन्हा लावत होती. पण बाया बोलायला लागल्या. कोणाच्या भांडणात कोणाचा पैरा तुटला, पाय मोडलेल्या बाईचे दिवस बाकीच्यांनी कसे वाटून घेतले, सगळं. दिवसभर वाकून ताईची पाठ धरली, तरी गाडीत बसल्यावर हसू काही मावळेना. घरी जायच्या आधी नदीवर पाय धुतले. तिच्या घरी मला कोणी काही विचारलं नाही, मी काही सांगितलं नाही.

*

गणपतीच्या आधी प्रोफेसर आले. नानासाहेबांच्या ओसरीवर बैठक बसली. सर, नानासाहेब, शेजारचे एक-दोन वकील, समोर ताई. मी खांबाला टेकून. ताईनं आराखडा वाचला, आणि काय वाचला! सरांनी चष्मा काढला. मग म्हणाले, “नीटनेटकं आहे. पण तुम्हाला आधीच माहीत नाही असं ह्यात काय आहे?”

ताई कागदाची पानं नुसती मागं-पुढं करत राहिली. नानासाहेब खुर्चीत सैल होऊन बसले. मनानं ते साताऱ्याला पोचलेसुद्धा होते.

मला राहवलं नाही. आदल्या बाजारी सरूबाई मला सांगून गेली होती. मी म्हटलं, “साहेब, उत्रोलीच्या बाया आज हितं पैरा फेडाया यायच्या हायेत. त्यांनाच इचारा. ताई त्यांच्यात लावणीला उतरल्या व्हत्या.”

नानासाहेब ताडकन उठले. “थापाड्या! माझ्या मुलीनं जन्मात चिखलात पाय घातलेला नाही. चालता हो!”

सगळ्यांदेखत. मी अंगणात आलो.

एवढ्यात दारातून सरूबाई आली, मागं तिच्या बाया. ओसरीवर कोण बसलंय इकडं तिनं बघितलंही नाही. म्हणाली, “ताई एक दीस आमच्यात राबली. त्यो फेडायचा ऱ्हायलाय. तुमचं श्यात कुठं हाय?”

वकिलाला शेत कुठलं? सरूबाई म्हणाली, शेत नसंल तर दुसरं काम सांगा, पण न फेडता माघारी जाता यायचं न्हाई. ताईच्या आईनं आतून कांडायला भाताच्या टोपल्या आणून ठेवल्या. अंगणात मुसळं सुरू झाली.

सर उठून पायरीवर आले आणि बघत उभे राहिले. मग ताईला विचारलं, “ज्याला शेतच नाही, त्याचा पैरा गावात कसा फेडतात?”

“माहीत नाही, सर.”

“आराखड्यात आहे?”

“नाही.”

सरांनी तिच्या हातातला कागद घेतला, पहिलं पान आडवं खोडलं, कोपऱ्यात तेवढा एकच प्रश्न लिहिला आणि खाली सही केली. मग मागं वळून म्हणाले, “नानासाहेब, साताऱ्याला कळवून टाका.”

मुसळं चालूच होती. बायांना आतून चहा आला, सरांना आला, शेजाऱ्यांना आला. अंगणात उभा असलेला थापाड्या तेवढा कोणाला दिसला नाही. ह्या गोष्टीला दहा-बारा वर्षं झाली. मला सगळ्यांदेखत थापाड्या म्हणणारा माणूस अजून रोज संध्याकाळी माझ्या ओट्यावरून फिरायला जातो, काठी टेकून थांबतो, “काय धोंडिबा, बैल बरे आहेत का?” म्हणून विचारतो आणि पुढं चालायला लागतो. नानासाहेब वकील.