देवणीचा धूर

फोन आला तेव्हा मी लातूरला गच्चीवर टाकी भरायची वाट बघत उभा होतो. नळाला पाणी आलेलं असताना लातूरचा माणूस सहसा फोन उचलत नाही. तिसऱ्यांदा वाजला म्हणून उचलला. नांदेडहून भाचा बोलत होता. "मामा, पप्पा गेले. सकाळी चहा पिता पिता…" खाली येऊन बायकोला सांगण्याआधी मी नळाची तोटी बंद केली. माणूस जातो आणि आपण तोटी बंद करतो. नंतर कितीतरी दिवस मला तेच आठवत राहिलं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. ते गेल्यापासून आज महिना उलटून गेला, आणि माझं सगळं लातूर-नांदेड एसटीतच चाललंय. अंत्यविधी झाला, बुद्धवंदना होऊन पुण्यानुमोदन झालं, भेटायला येणारे अजून येतात. प्रत्येकाला पहिल्यापासून सांगावं लागतं, कसं झालं, किती वाजता झालं. सांगून सांगून जीभ जड झाली आहे. दु:खापेक्षा सध्या थकवाच जास्त आहे, हे लिहायला बरं वाटत नाही, पण आहे ते असं आहे.

दाजींचं नाव निघालं की गल्लीतल्या लोकांना आधी गाडी आठवते. जुनी, गोलसर, गिअर स्टिअरिंगच्या दांडीला असलेली पेट्रोलची गाडी. एका निवृत्त डॉक्टरांकडून घेतली तेव्हा पांढरीशुभ्र होती. पुढे जिथं जिथं गंज आला तिथं तिथं दाजींनी काळा रंग फासला. पांढऱ्यावर काळे ठिपके बघून अक्काच एकदा म्हणाली, "अगदी देवणी गाय दिसू लागलीय." तेव्हापासून गाडीचं नाव देवणी पडलं. त्या काळात अक्का तिच्यात हौसेनं बसायची. मुखेडला, आमच्या गावी, दोघं देवणीतून आले की शेजारपाजारचे बघायला गोळा व्हायचे.

मग एका थंडीत ते मुखेडहून लग्न आटोपून परत निघाले. गार वारा होता म्हणून काचा वर केलेल्या. गाडीत धुराचा वास येत होता, अक्का दोनदा बोललीही. जुन्या गाडीला वास यायचाच, असं म्हणून दाजींनी सोडून दिलं. कंधारच्या पुढे अक्का बोलायची थांबली. तिला झोप लागली असं त्यांना वाटलं. वळणावर ती दारावर कलंडली आणि हाक मारली तरी उठेना, तेव्हा दाजींच्या तोंडचं पाणी पळालं. रस्त्याच्या कडेला, उघड्या हवेत, तिला मांडीवर घेऊन ते बसून राहिले. ती शुद्धीवर आली, ओकली, आणि पहिलं वाक्य बोलली ते हे : "या गाडीत मी पुन्हा बसनार न्हाई. मेले तरी न्हाई."

अक्काचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. त्यानंतर मुखेडला जायचं झालं की ती एसटीनं निघायची. दाजी मात्र देवणी घेऊनच निघायचे. एसटी पुढं आणि देवणी मागं, अशी ही वरात वर्षानुवर्षं चालली. अक्काची पिशवी देवणीच्या डिकीत, अक्का एसटीत. बस थांब्यावर थांबली की दाजीही थांबायचे, उतरून खिडकीतून तिला पाण्याची बाटली द्यायचे. कंडक्टर हसायचे. मीही हसायचो. "दाजी, विकून टाका हो," असं म्हटलं की ते म्हणायचे, "पाव्हणं, विकली तर ती कवा बसनार?"

गाडी दुरुस्त केली नाही असं नव्हतं. दोनदा मिस्त्रीकडे गेली, दोनदा "आता धूर न्हाई" असं तो म्हणाला, दोनदा दाजींनी येऊन अक्काला तेच सांगितलं. दोन्ही वेळा तिनं दार उघडून नुसता वास घेतला आणि ती आत निघून गेली. घोडं कुठं पेंड खातंय ते कुणालाच कळेना. निवृत्त झाल्यावर गेल्या हिवाळ्यात दाजींनी स्वतःच बॉनेट उघडलं, आणि रविवारी रविवारी मला लातूरहून बोलावून टॉर्च धरायला उभं केलं. मला मनापासून कंटाळा यायचा. बोटाला ग्रीस लागलं की ते वरणभाताच्या घासापर्यंत येतं.

दाजींनी कानाला रबरी नळी लावली आणि डॉक्टरासारखं तिचं दुसरं टोक इंजिनाभोवती फिरवलं. एका जागी नळीतून फट फट फट आवाज आला. इंजिनातला धूर गोळा करून मागच्या नळकांड्यात सोडणारा बिडाचा भाग असतो, त्याला मॅनिफोल्ड म्हणतात. तो इंजिनाला जिथं टेकतो तिथून धूर फुटत होता. मिस्त्रीनं प्रत्येक वेळी मधलं पॅकिंग बदलून नट आवळले होते, पण मॅनिफोल्डच उष्णतेनं वाकडं झालं होतं. वाकड्या पाटावर चटई बदलून काय होणार? दुसरं दुखणं चोकचं. थंड इंजिन चालू करताना ओढायची ती खुंटी. तिची तार गंजून अडकली होती, त्यामुळे चोक पुरता आत जायचाच नाही आणि गाडी सदा जास्तीचं पेट्रोल पिऊन काळा धूर ओकायची. एक दुखणं झाकलं की दुसरं बोलायचं.

गंजलेले नट निघता निघेनात. एक बोल्ट तर मुळापासून तुटला, तेव्हा दाजी मटकन अंगणात बसले. "सोडून द्या आता," मी म्हणालो. खरं तर मलाच घरी जायचं होतं. ते म्हणाले, "पाव्हणं, त्या दिवशी तिनं दोनदा सांगितलं व्हतं मला. वास येऊन राहिला म्हनून. म्या ऐकलं न्हाई." एवढंच. मग पुन्हा पाना हातात घेतला. मॅनिफोल्ड लेथवर नेऊन सपाट करून आणलं, नवं पॅकिंग घातलं, मधले नट आधी आणि कडेचे नंतर, असं थोडं थोडं आवळत गेले. चोकला नवी तार ओवली. गाडी चालू केली तर फट फट बंद. धूरही नाही.

"अवो, बसता का?" दाजींनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून विचारलं. पोराच्या परीक्षेचा निकाल लागावा तसा त्यांचा चेहरा झाला होता. अक्का हात पुसत बाहेर आली, देवणीकडे बघत राहिली. "मिस्त्री बी असंच म्हनत व्हता," ती म्हणाली. त्यांचे काळे झालेले हात बघून असेल, ती जरा मऊ झाली. "चौदा एप्रिलला, जयंतीला मुखेडला जाताना बसते. आता न्हाई." त्यानंतर दाजी रोज सकाळी गाडी चालू करून दोन मिनिटं कान देऊन उभे राहायचे. जयंतीपर्यंत काही बिघडू नये एवढीच त्यांची काळजी होती. जयंतीच्या आधीच ते गेले. मला राग येतो या गोष्टीचा. कुणावर येतो ते सांगता येत नाही, पण येतो.

या जयंतीला अक्का मुखेडला जाणार नाही असंच आम्ही धरून चाललो होतो. सकाळी ती पांढरी साडी नेसून अंगणात आली आणि मला म्हणाली, "चल. सोड मला." मी एसटीचं वेळापत्रक बघू लागलो तर ती देवणीचं दार उघडून पुढं बसलीसुद्धा. मी चोक ओढला, किल्ली फिरवली. इतके दिवस उभी असूनही गाडी लगेच चालू झाली. अक्कानं पदर नाकाला गच्च लावला होता, डोळेही मिटले होते. दारं लावलेली, काचा वर. तिनंच वर केल्या होत्या. इंजिन गरम होईपर्यंत आम्ही तसेच बसून राहिलो. मग तिनं हळूच पदर खाली घेतला आणि खोल श्वास घेतला. पुन्हा एकदा घेतला.

"खरंच न्हाई की रे वास," ती म्हणाली.

मी मान हलवली. ती समोरच्या काचेतून बघत होती.

"आता हे कुनाला सांगू?"

मी चोक आत ढकलला आणि गाडी फाटकाबाहेर काढली.