दोन बोटांचा ब्रेक

मुमताजभाभींच्या दारात गाडी लावली की पाणी नंतर मिळायचं. आधी भाभी पदर सावरत बाहेर यायच्या आणि पाहुण्याच्या गाडीचा पुढचा ब्रेक दाबून बघायच्या. दाबायच्या तोही करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटानं. गाडी कुणाची का असेना, नणंदेच्या जावयाची असो की लाईटबिल वाटणाऱ्याची. ब्रेक लागला तर 'या, बसा.' नाही लागला तर उचगावच्या आमच्या अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात निकाल लागायचा, ''दोन बोटांत लागत न्हाय ह्यो, पावणं. घरात बायकापोरं हाईत न्हवं?'' एकदा मतं मागायला आलेल्या उमेदवारालाही हेच ऐकावं लागलं. त्याला मत मिळालं का ते माहीत नाही, पण तो तिथून तडक मेकॅनिककडे गेला हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं.

मी मूळचा नेसरीचा. दूध संघात तपासनिसाची नोकरी लागली आणि भाभींच्या घरामागची खोली भाड्यानं घेतली. त्यांच्या घरात दोनच माणसं, त्या आणि त्यांचा मुलगा सोहेल. आणि दारात एक जुनी मोटरसायकल. जुनी म्हणजे माझ्याहून थोडी थोरलीच असेल, पण टाकीवर धूळ नाही आणि साखळीवर गंज नाही.

गाडी दस्तगीरभाईंची, म्हणजे भाभींच्या नवऱ्याची. ते उद्यमनगरातल्या कारखान्यात पत्रा कापायच्या प्रेसवर कामाला होते. एका सकाळी प्रेसनं त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं नेली, अंगठ्याजवळची. राहिली ती करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट. पुढचा ब्रेक नेमका उजव्या हाताला. लोक म्हणाले, आता गाडी विका आणि बसनं जावा. भाभींनी गाडी विकली नाही, पाना हातात घेतला. भाई ओट्यावर बसून सांगायचे आणि भाभी खाली बसून नट फिरवायच्या. ब्रेकची वायर, लायनर, मुठीतला खटका, सगळं त्यांनी असं जुळवून आणलं की जगातल्या सगळ्यात दुबळ्या दोन बोटांनाही गाडी थांबली पाहिजे. पुढची कितीतरी वर्षं भाई त्या दोन बोटांवर कामाला गेले आणि धडधाकट घरी आले. शेवटी ते दम्यानं गेले, गाडीनं नाही. भाभी हे अभिमानानं सांगायच्या.

मला पहाटे चार गावं फिरावी लागत. मी भीतभीतच गाडी विकत मागितली. भाभींनी लगेच हो म्हटलं नाही. आठवडाभर मला रोज संध्याकाळी गाडीपुढं बसवलं. किक मारायच्या आधी खाली वाकून जमिनीवर तेलाचा थेंब पडलाय का बघायचं. रात्री पेट्रोलचा कॉक बंद करायचा, नाहीतर सकाळी प्लग ओला. थंडीत चोक ओढायचा, पण गाडी गरम झाल्यावर तो परत ढकलायचा, बरेच लोक तेवढंच विसरतात. चेन बोटभर सैल ठेवायची. ''लई आवळलीस तर तुटती, सर्जेराव,'' भाभी म्हणायच्या. मी वहीत लिहून घ्यायला लागलो तर वही काढून घेतली आणि म्हणाल्या, ''हातानं कर. हात इसरत न्हाईत.''

त्यांचा सगळ्यात जास्त राग उतारावर होता. आमच्याकडे एक खोड आहे. जोतिबाच्या डोंगरावरून निघालं की गडी इंजिन बंद करतो आणि गाडी तशीच खाली सोडतो. पायथ्याला पोचल्यावर एक थेंब पेट्रोल न जाळता आलो म्हणून फुशारकी मारतो. भाभींना हे ऐकूनच तिडीक यायची. त्या म्हणायच्या, ''इंजिन बंद केलं की सगळा भार ब्रेकवर. ब्रेक तापला की त्यो कुणाचा न्हाय. उतारावर गिअर सोडलेला मला कळला, तर गाडी परत घीन.''

आणि मग व्यवहाराच्या दिवशी त्यांनी अट घातली. पैशांचं त्या काहीच बोलल्या नाहीत, मी दिले ते न मोजता डब्यात टाकले. किल्ली मात्र हातात धरून ठेवली.

''सोहेलला द्यायची न्हाय. एक फेरी मारतो म्हणंल, पाया पडंल, तरी न्हाय. शब्द दे.''

मी शब्द दिला.

सोहेल वाईट पोरगा नव्हता. मोबाईलच्या दुकानात कामाला जायचा, गल्लीतल्या म्हाताऱ्यांचे फोन फुकट दुरुस्त करायचा, हसताना मान मागं टाकायचा. पण गाडीवर बसला की त्याच्यात दुसराच कोणी शिरायचा. एकदा खांद्याचं हाड मोडून घेतलं होतं, एकदा गुडघा फोडून घेतला होता. दारात गाडी असेल तर तो ती घेणारच, आणि घेतली की पळवणारच. म्हणून भाभींनी नवऱ्याची ती एकुलती आठवण घराबाहेर काढली. पोरगं राहावं म्हणून गाडी दिली, इतका साधा हिशेब होता. सोहेल महिनाभर आईशी धड बोलला नाही. मग राग ओसरला. अधूनमधून माझ्या खोलीपाशी येऊन तो गाडीची सीट पुसायचा. मी बघून न बघितल्यासारखं करायचो.

एका रविवारी सकाळी तो माझ्याकडे आला. मित्र जोतिबाला निघाले होते. ''सर्जाभाऊ, दुपारपातूर आणून लावतो. अम्मीला सांगू नगा.'' मी नाही म्हटलं. त्यानं पुन्हा विचारलं, मी पुन्हा नाही म्हटलं. त्याला राग आला नाही. मान मागं टाकून तो हसला. ''अब्बांच्या गाडीला मीच पावणा झालो व्हय,'' म्हणाला आणि गेला.

दुपारी त्याच्या मित्राचा फोन आला.

मित्राचीच गाडी होती, कुणाकडून तरी स्वस्तात घेतलेली. येताना सोहेल चालवत होता आणि मित्र मागं बसला होता. डोंगरावरून निघाल्यावर त्यांनी इंजिन बंद केलं, सगळे करतात तसं. वळणावर समोरून जीप आली. मागचा पोरगा बाजूला फेकला गेला आणि वाचला. दवाखान्यात तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत होता, ''ब्रेक पार मुठीला टेकला, तरी लागला न्हाय.'' हे भाभींच्या कानावर जाऊ नये असं मला वाटत होतं. पण ते गेलंच.

सोहेलच्या दफनानंतर तिसऱ्या दिवशी, जियारतीला, गल्लीत दोन्ही बाजूंनी गाड्या लागल्या होत्या. कुणाला तरी निरोप द्यायला म्हणून भाभी दारापर्यंत आल्या. समोरची ती रांग त्यांनी एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली आणि आत निघून गेल्या. त्या दिवसापासून त्यांनी कुणाच्याच गाडीला हात लावला नाही. लोक यायचे, गाडी लावायचे आणि सवयीनं क्षणभर बाहेर थांबायचे. मग आपले आपणच आत जायचे.

त्या सकाळी सोहेल गाडी मागायला आला होता हे मीच भाभींना सांगितलं, पण मला त्यांनी एका शब्दानं दोष दिला नाही. दिला असता तर मला बरं वाटलं असतं. मी शब्द पाळला, याचं मला आजही समाधान नाही, उलट चीडच येते. चाळिसावा दिवस झाल्यावर एक दिवस मी अंगणात चेनला तेल सोडत होतो. भाभी मागं येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, ''ह्या गाडीवर असता तर थांबला असता त्यो.''

मी म्हटलं, असं मनात आणू नका.

''मनात कशाला आणू? खरंच हाय की. वळण तेच, पोरगं तेच. निस्ता ब्रेक येगळा.'' आणि मग, ''तू न्हाय म्हणालास ते माझ्याच शब्दावर. तुझं काय न्हाय त्यात.''

पावसाळ्यानंतर भाभींनी घर विकलं आणि मिरजेला बहिणीकडे जायचं ठरवलं. जायच्या सकाळी टेम्पोत सामान भरून झालं होतं. मी मुद्दाम गाडी धुऊन, ब्रेक नव्यानं जुळवून त्यांच्या दारात उभी केली. निदान जाताना एकदा तरी तपासतील, काही चुकलं असेल तर ओरडतील, एवढीच माझी इच्छा होती.

भाभी गाडीपाशी आल्या. टाकीवरून हात फिरवला. मग करंगळी आणि शेजारचं बोट ब्रेकच्या दांडीवर ठेवलं आणि तसंच राहू दिलं.

''दाबा की, भाभी,'' मी म्हटलं.

त्यांनी बोटं काढून घेतली.

''नको,'' त्या म्हणाल्या. ''लागंल त्यो. ठावं हाय मला.''