सांगून जाणं

बायने नवऱ्याचं जाळं कापलं तेव्हा भर दुपार होती आणि पुरुष जेवायला बसले होते. बाय म्हणजे माझी थोरली बहीण. आम्ही शिरगावचे, मच्छीमारांच्याच घरातले. तिला दिली होती दांडीला, तीही मच्छीमाराच्याच घरी. म्हणजे जाळं म्हणजे काय हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. आमच्यात जाळ्याला चुकून पाय लागला तरी हात लावून नमस्कार करतात. त्या जाळ्यावर तिचा नवरा, दोन दीर आणि त्यांची बायकापोरं जेवत होती. दुरुस्तीसाठी खळ्यात पसरलेल्या त्या जाळ्यावर ती कोयता घेऊन बसली आणि नारळ सोलावा तशा शांतपणे तिने ते मधोमध फाडत नेलं. लोक धावत आले तर ही त्या ढिगात बसलेली, आणि नवऱ्याकडे बघून म्हणते, "आता कसा जाशील? जा ना!"

सासू ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ओरडलीच नाही. तिने बायची पोर कडेवर घेतली, घरात गेली आणि आतून कडी लावली. पोर नुकती बोलायला लागली होती. सांगावा आल्यावर मी आणि आई एसटीने दांडीला पोचलो, तर बाय ओट्याखाली बसलेली, डोकं गुडघ्यात, आणि आतून पोर "आई, आई" करून दार बडवतेय. सासू खिडकीतून आईला एवढंच म्हणाली, "तुमची लेक तुमी न्या. नात माजी हाय. लेक शानी होईल तवा बगू." आम्ही बायला घेऊन निघालो तेव्हा ती पोरीसाठी एक शब्द बोलली नाही. एसटी सुटली आणि मग मात्र जी किंचाळली, कंडक्टरने घंटी मारून गाडी थांबवली.

बाय अशीच होती, अगदी पहिल्यापासून. सकाळी माझं डोकं मांडीवर घेऊन तेल लावायची, म्हणायची, तुझ्याशिवाय मला कोण आहे गं? आणि संध्याकाळी मी शेजारणीशी जरा हसून बोलले की तोच तेलाचा तांब्या माझ्या पाठीत. "जा, तिच्याकडेच राहा, मर तिकडे!" तासाभराने परत गळ्यात पडून रडणार. शेजारीण सोमवारी देवी असायची आणि गुरुवारी चेटकीण, आणि शेजारणीने मधल्या दिवसांत काहीच केलेलं नसायचं. लग्नानंतर तर कहर झाला. नवरा समुद्रावर गेला की ही स्वतःच्या हाताला चुलीतल्या लाकडाने चटके द्यायची. तो आला की त्याचे पाय धुवायची, सुरमई तळायची, आणि त्याने पहिला घास घेतला की भांडण काढायची. अहो, त्या माणसाला घास गिळायचा की थुंकायचा हे कळायचं नाही!

लोकांची मतं तयार होती. कुणी म्हणे नाटकी आहे, कुणी म्हणे माज आलाय, कुणी म्हणे बाहेरचं लागलंय. सासूने भगत आणला. त्याने तांदूळ टाकले, कोंबडा मागितला, दंडाला दोरा बांधला. चटक्यांचे डाग होते तिथेच नेमका बांधला. मलाही तिचा राग यायचा, खोटं कशाला सांगू. माझ्या मनात यायचं, एवढा चांगला नवरा, हिला नक्की दुखतंय तरी कुठे?

आता आमच्यातली एक रीत सांगायला हवी, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. बोट समुद्रावर जाताना माणूस कधी परत येणार हे विचारत नाहीत. विचारायचं नाही आणि जाणाऱ्याने सांगायचं नाही. दर्यासमोर आपण वेळ ठरवायची नसते, ठरवली की तो मोडतो, असं सगळे मानतात. बाय नेमकं तेच विचारायची. नवरा उंबऱ्यात असताना पाठीमागून, रडत, "कवा येशील? सांग ना, कवा येशील?" दीर कपाळावर हात मारायचे, सासू तोंडात बोळा कोंबायची बाकी ठेवायची. शेवटी नवऱ्याने स्वतःपुरती सोय काढली. पहाटे भरतीच्या वेळी, ही झोपेत असताना, पायरव न करता निघून जायचं. भांडण नको म्हणून हो. मनात काही वाईट नव्हतं बिचाऱ्याच्या. बाय उठायची तेव्हा बाजूची चटई रिकामी असायची.

मी तेव्हा तारापूरच्या एमआयडीसीत गोळ्या-औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला होते. माझ्या टेबलावर उत्तरेकडची एक बाई होती, तिच्याशी मी रोज बायचं रडगाणं गायचे. एक दिवस ती म्हणाली, "मेरे भाई का भी ऐसाही था. बोईसर में डॉक्टरनी आती है, दिखा दे." डॉक्टर कसली, तर डोक्याची. आठवड्यातून एकदा मुंबईहून यायची आणि एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसायची. मी घरी सांगितलं तर आईने रडून आकांत मांडला. डोक्याचा डॉक्टर म्हटलं की आईला एकच माहीत, ठाण्याचं मोठं इस्पितळ आणि त्याची भिंत. "माजी पोर येडी नाय!" मी म्हटलं, येडी नाही ना, मग घाबरतेस कशाला? चल. आणि तुझ्या नातीचं तोंड बघायचं असेल तर मुकाट्याने चल.

डॉक्टरीणबाई काही देवदूत वगैरे नव्हत्या. खोकत होत्या, मधेच चहा मागवत होत्या. पण बायशी त्या एका आवाजात बोलल्या, बाय चढली तरी त्यांचा आवाज चढला नाही, आणि बाय उठून दाराकडे गेली तेव्हा म्हणाल्या, "जा, पण मी पुढच्या गुरुवारी इथेच असेन." बाय दारातच उभी राहिली. मग त्यांनी आईला विचारलं, ही लहान असताना कधी तुमच्यापासून लांब होती का?

आई म्हणाली, हो, होती ना. माझ्या वेळी गरोदर असताना आई आजारी पडली, घरात करायला कुणी नव्हतं, म्हणून बायला मावशीकडे ठेवली. मावशीचं घर दांडीलाच. "लई लळा होता तिला माजा, सोडली नसती. म्हून तिला झोपेतच उचलून नेली आमी. जराबी रडली नाय." आई हे अशा तोऱ्यात सांगत होती, जणू केवढी हुशारी केली. मला ही गोष्ट पाठ होती, आमच्या घरात हसत हसत सांगितली जायची. पोर उठली तर दुसरंच घर, दुसरीच माणसं, आणि म्हणे गंमत, दोन दिवस बोललीच नाही! डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "आणि नवरा समुद्रावर जातो तेव्हा?" त्यांनी बायला विचारलं. बायने सांगितलं. आईच्या चेहऱ्यावरचा तोरा उतरत गेला, मी बघत होते.

बायला दांडीला दोनदा नेली होती. एकदा झोपेत आणि एकदा वाजतगाजत. मला तिचा राग यायचा, तो त्या दिवशी कुठे ठेवावा कळेना.

मग बाईंनी सांगितलं की हे वेड नाही आणि बाहेरचंही नाही. हा स्वभावच दुखावलेला वाढलाय. सोडून जातील या भीतीने ती माणसं घट्ट धरते, आणि भीतीने आंधळी होऊन त्यांनाच ओरबाडते. मी माझ्या भाषेत असं समजले की बोटाला चीर असली आणि मासे खारवायला बसलं, तर मीठ सगळ्यांच्याच हाताला लागतं, पण बोंबलतो तो चीर असलेला. बाईंनी खोटा दिलासा दिला नाही. म्हणाल्या, वर्षं लागतील, मधे मधे घसरेल, पण माणसं यातून बाहेर पडतात, मी पाहिलीत. आणि नवऱ्याला एकदा घेऊन या.

दाजी आले. डोकं खाली घालून बसले. बाई म्हणाल्या, "जाताना तिला उठवा आणि कधी येणार ते सांगा." दाजींनी हातच जोडले. "ते सोडून कायबी सांगा बाई. मी सांगितलं तर भाऊ बोटीत चढनार नायत." बाई चिडल्या. दाजीही चिडले. मलाही दोघांचा वैताग आला. पण घरी जाताना बोईसर स्टेशनबाहेर बर्फाची गाडी रिकामी करत होते, तिथे दाजी थबकले. आमच्या बोटी बर्फ घेऊन जातात, आणि बर्फ आहे तोवरच मासा टिकतो. दाजी बायला म्हणाले, "तुला बर्फ दाखवून जाईन. बर्फ संपला का मी घरी. यात दर्याला वेळ कुटं सांगितली?"

बाय महिनोन् महिने बोईसरला जात राहिली. कधी जायची नाही, कधी बाईंना शिव्या घालून यायची, एकदा परत हात भाजून घेतला. बाई दर गुरुवारी तिथेच असायच्या. मग दाजींनी तिला दांडीला परत नेली. पोर मात्र सासूजवळच निजायची. दिवसा बायने बघावी, खाऊ घालावी, पण संध्याकाळ झाली की सासू तिला उचलून आतल्या खोलीत नेणार. "मोसम नीट जाऊ दे," म्हणायची. बाय ओठ चावून बघत राहायची.

बोट निघायच्या वेळी दाजी तिला उठवायचे, किनाऱ्यावर न्यायचे आणि बर्फाच्या लाद्या दाखवायचे. बाय त्यातलाच एक तुकडा मागून घ्यायची आणि अंगणात भुशात पुरून गोणपाटाने झाकायची. गाव हसलं. हसणारच, बाई अंगणात बर्फ पुरतेय! मी सुट्टीला जायचे तेव्हा बघायचे, ती दिवसातून कितीदा गोणपाट उचलायची, हात घालून चाचपायची आणि परत बोंबील टांगायला लागायची. बर्फ हाताला लागला की तिचा श्वास खाली बसायचा.

आणि मग एकदा बर्फ संपला आणि बोट आली नाही. वारा सुटला होता. मी तिथेच होते. बायने भुसा पूर्ण उपसला, ओला भुसा हातात घेऊन बघत बसली. दिराच्या बायकांनी कोयते, मोरळ्या, सगळी धारेची हत्यारं उचलून आत नेली, तिच्या देखत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाय उठली, थेट सासूसमोर जाऊन बसली. दात वाजत होते तिचे. "आई, मला धरा. मी काय करीन, माजं मला म्हाईत नाय. मला सोडू नका." सासूने आजवर तिला कधी जवळ घेतलं नव्हतं. म्हातारी एकदम तोंड वाकडं करून रडायला लागली. "माजे तीन ल्योक हायत ग त्या बोटीत," म्हणाली, आणि तिनेच बायला घट्ट धरलं. कोण कुणाला धरतंय तेच कळत नव्हतं. दिवस मावळला, दुसरा उजाडला, दोघी तिथेच.

बोट आली, दुसऱ्या बोटीला बांधून ओढत. इंजिन बंद पडलं होतं, जाळं समुद्रात गेलं होतं, धाकट्या दिराचा हात चिरडला होता, तो पुढे कधी सरळ झाला नाही. बाय किनाऱ्यावर दाजींच्या अंगावर धावून गेली, छातीवर बुक्क्या मारल्या, "बर्फ संपला होता! संपला होता!" आणि मग आपल्या हाताने त्यांना पाणी दिलं. त्या रात्री सासूने पोरीला आत नेलं नाही. पोर बायच्या कुशीत निजली.

पुढच्या गुरुवारी बायला बोईसरला जायचं होतं, पहिल्या एसटीने. मी सोबत निघाले होते. पोर गाढ झोपेत. सासू हळूच म्हणाली, "निजू दे तिला. गुपचूप जा. उटली का रडंल." चांगल्या मनानेच म्हणाली. आपण सगळेच म्हणतो तसं.

बायने दाराला लावलेला हात काढला. परत आत आली, चटईवर बसली आणि पोरीला हलवून उठवलं. पोर डोळे चोळत बसली. "मी बोईसरला जाते. डॉक्टरकडं. दुपारच्या एसटीनं येते. आज्जी हाय तुज्यापाशी." पोरीने भोकाड पसरलं. तिच्या लुगड्याला दोन्ही मुठींनी लटकली. सासू माझ्याकडे बघायला लागली, सांगितलं होतं ना, अशी. बाहेर एसटीचा हॉर्न वाजला. बायने घाई केली नाही. एकेक बोट सोडवत ती तेच सांगत राहिली, दुपारच्या एसटीनं येते, दुपारच्या एसटीनं येते. स्वतः रडत होती, पण आवाज एकच ठेवला होता. तो आवाज मला ओळखीचा होता, बोईसरच्या मागच्या खोलीतला.

आमची एसटी चुकली. आम्ही चालत पुढच्या नाक्यापर्यंत गेलो, आणि पोरीचा रडण्याचा आवाज बराच वेळ ऐकू येत होता. दुपारी परत आलो तर पोर ओट्यावर बसून सुकटीचे तुकडे कावळ्याला टाकत होती. आईला बघून ती उठलीसुद्धा नाही. आत तोंड करून आजीला म्हणाली, "आली."