रुमालाखालचे अडीच टक्के

सत्तरीच्या सुपडू आबांनी रुमालाखाली माझी पाचही बोटं धरली. म्हणजे पाच टक्के. मी त्यांची दोन बोटं दाबली आणि तिसरं अर्ध्यावर धरलं. अडीच.

मी सारंगखेड्याच्या शाखेची मॅनेजर. बँकेचं स्वतःचं भांडवल पायापुरतं असतं, वरची इमारत ठेवीदारांच्या पैशांवर उभी. आमच्याकडे ठेवी चिक्कार, पण बहुतेक एफडी. तिच्यावर साडेसहा टक्के व्याज द्यायचं आणि नऊने कर्ज द्यायचं. भाडं, पगार गेले की हाती भोपळा. बचत खात्यावर मात्र अडीचच द्यावे लागतात. वरून निरोप होता: डिसेंबरअखेर बचत खाती वाढली नाहीत तर शाखा शहाद्यात विलीन. गावाला मग प्रत्येक कामासाठी शहादा गाठावं लागणार.

म्हणून मी गावच्या यात्रेतला घोडेबाजार गाठला. आबा कोरीट गावचे शेतकरी, घोडे पाळणारे. घोडी नुकतीच विकलेली, पैसा कनवटीला. मनासारखं शिंगरू कधी दिसेल याचा नेम नाही, त्यामुळे एफडी त्यांना नकोच होती. मी अडीच टक्के सांगितले. ते हसले.

"मॅडम, उघडा भाव भाजीना. आठे भाव रुमालखाले ठरस."

इथे घोड्याचा भाव असाच ठरतो, रुमालाखाली बोटं धरून.

बाईमाणसाचा हात धरायला मात्र ते बिचकले. मीच हात आत घातला. ते चारवर आले, मग तीनवर. मी अडीचवर. रेट बदलायचा मला अधिकारच नव्हता! शेवटी त्यांनी रुमाल झटकला. सौदा पक्का.

भोवतीच्यांनी भाव विचारला. रुमालाखालचा भाव सांगायचा नसतो, आबा नुसते मिशीत हसले. झालं! आबांना चढा भाव मिळाला, असा सगळ्यांचा समज. दुसऱ्या दिवशी शाखेत ही रांग. अडीचचा आकडा दारातल्या फळ्यावर ठळक लिहिलेला, मी तो प्रत्येकाला दाखवला. प्रत्येकाने तो वाचला आणि रुमाल काढला. मला इतकं हसू येत होतं की शिक्का वाकडा पडायचा.

शाखा वाचली. जानेवारीत रीजनल मॅनेजर आले, फळ्यापाशी थांबले.

"रेट तर तोच आहे. मग लोक आले कसे?"

"सर, हात द्या," मी म्हटलं आणि रुमाल काढला.

त्यांनी साडेतीनपासून सुरुवात केली. अडीचवर आले तेव्हा चेहऱ्यावर अगदी सौदा जिंकल्याचा आनंद. जाताना त्यांनीही खातं उघडलं.

एवढंच शिकले: स्वस्त ठेवी मिळतात, पण बोटं सुजतात.