शेवटचा सीन राहिलेला पाहुणा

“निघून राहिलो, बाई,” म्हणत ते खाटेवरून उठायचे. काखेत रेक्झिनची बॅग, खांद्यावर दुपट्टा. ओसरीच्या पायऱ्या उतरून फाटकापर्यंत जायचे, तिथे थबकायचे, मागे वळून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघायचे, आणि तसेच परत येऊन खाटेवर बसायचे. मी चहा टाकायची. तुमच्याकडेही कधी एखादा पाहुणा मुक्काम ठोकून राहिला असेल. पण रोज निघून रोज परत येणारा तुम्ही पाहिला नसेल, मी पाहिला आहे.

खरं तर ते आमचे पाहुणे नव्हतेच, ते सिनेमातले पाहुणे होते. गोंदियाचा एक पोरगा, एरवी लग्नांचे व्हिडिओ काढणारा, मोबाईलवर दाखवायला विनोदी सिनेमा करत होता. गोष्ट अशी की मंडईला आलेला पाहुणा मंडई संपली तरी जात नाही. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, मंडईला नाटक असतं, आणि नाटक बघायला घरोघरी पाहुणे येतात. त्यामुळे ही गोष्ट इथे कोणाला समजावून सांगावी लागत नाही. त्याला नवेगाव बांधचं आमचं घर पसंत पडलं. ओसरी रुंद, भिंतींना नुकताच दिलेला निळा रंग. “मॅडम, बस दो-चार दिन का काम है,” तो म्हणाला. शाळेला दिवाळीची सुट्टी होती. मी हो म्हटलं आणि वर त्याला चिवडाही खाऊ घातला.

पाहुण्याचं काम करायला त्याने दादांना आणलं. झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांतले जुने विनोदी नट. साठी उलटलेली, नाक भलं मोठं, पाय एका जागी ठरायचे नाहीत. आल्या आल्या “जयभीम, बाई” म्हणाले आणि बॅग खाली न ठेवताच घरभर फिरून आले. मला वाटलं, मोरी शोधत असतील. तर मला विचारतात, “आवाज कोठून येईल?”

झाडीपट्टीत नटाला आज या गावी एक नाटक, उद्या दुसऱ्या गावी दुसरं. तालमींना वेळ कुठून आणायचा? म्हणून पडद्याआड प्रॉम्प्टर बसतो. ओळ आधी तो म्हणतो आणि नट ती उचलतो. दादांची सगळी हयात त्यातच गेलेली. “बाकीचे डोक्यानं काम करते, बाई, मी कानानं करतो,” हे ते मोठ्या अभिमानाने सांगायचे. सिनेमातही कोणीतरी आवाज देणारा असणारच, असं धरून ते आले होते. पोराने कपाळाला हात लावला. शेवटी संवादांचे कागद माझ्या हातात आले आणि मला स्वयंपाकघराच्या दाराआड उभं करण्यात आलं.

आता मी पडले शाळेतली मास्तरीण. शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवायची सवय, मला हळू बोलताच येत नाही. पाहुणा ताटावर बसून ऐटीत “आज भाजी कायची हाय, वहिनी?” असं विचारणार, तर त्याच्या आधी सगळ्या ओसरीने ते माझ्या तोंडून ऐकलेलं असायचं. “मॅडम, पाहुने से पहले आप ही खाना माँग रही हो!” हेडफोन लावलेला पोरगा ओरडायचा. पुन्हा पहिल्यापासून. मी आवाज खाली आणला की दादांना ऐकू जायचं नाही. ज्या कानावर सगळी भिस्त, तोच कान कमी झाला होता, हे आम्हाला तेव्हा कळलं.

अशा रखडपट्टीत तुळशीचं लग्न उरकलं, लग्नसराई सुरू झाली आणि पोरगा कॅमेरा उचलून तिकडे पळाला. एकच सीन राहिला होता, शेवटचा, पाहुणा जातो तो. जाताना बजावून गेला की घर जसं आहे तसंच ठेवा, काही हलवू नका. म्हणून पडदे धुवायचे नाहीत, खाट सरकवायची नाही, कॅलेंडरचं पान उलटायचं नाही. डिसेंबर लागला तरी आमच्या भिंतीवर नोव्हेंबरच होता. आणि न हलवायच्या वस्तूंमध्ये दादाही आले.

“तुम्ही घरी जाऊन या ना,” मी सुचवलं. आमगावजवळ त्यांचं घर होतं, मुलगा होता, सून चांगली होती, ‘बाबा, कधी येता?’ म्हणून फोन करायची.

“काऊन, बाई? मी इथून हललो का तो पोरगा माझ्या जागी दुसऱ्याले बसवते.”

मला हे उगीचच वाटलं होतं. पण एका दुपारी मी तांदूळ निवडत होते, म्हणून पोराचा फोन आला तो स्पीकरवर टाकला. “मॅडम, दादा बिना आवाज़ के बोल सकते हैं क्या, देखो ज़रा. नहीं तो एक रीलवाला लड़का है, उसके साथ पूरा फिर से कर लेंगे.” समोर खाटेवर दादा बसलेले. एवढं मात्र त्यांना नेमकं ऐकू गेलं.

त्या दिवसापासून माझ्याही जिवाला स्वस्थता नाही. एकीकडे हा माणूस घरातून जावा म्हणून मी देव पाण्यात ठेवायचे बाकी होते, आणि दुसरीकडे तो असा हरून जाऊ नये असंही वाटत होतं.

रस्त्याने नाटकाची जाहिरात करणारा ऑटो जायचा. भोंग्यावर नटांची नावं पुकारली जायची. दादा जेवत असले तर घास हातातच राहायचा. सगळी नावं संपेपर्यंत मान तिरकी करून, बरा कान रस्त्याकडे करून ऐकायचे.

“यंदा मले कोणीच बोलावलं नाही, बाई,” एकदा म्हणाले. “मागच्या साली मधातच थांबलो. आवाजच आयकू आला नाही. लोक हसले. पयलेबी हसत होते, पण ते हसणं मी काढत होतो.”

मी भाजी वाढली.

म्हणून काही ते केविलवाणे होते असं समजू नका. आमच्या मंडईला माझी नणंद आली, तर दादा यजमानासारखे पुढे. तिला पाणी काय दिलं, झोपायची जागा काय दाखवली! आणि तिसऱ्या दिवशी तिच्यासमोर उभं राहून म्हणाले, “बाई, सकाळची गाडी खाली राहते. मंग जागा भेटत नाही.” नणंद जी पिशवी भरून गेली, ती माझ्याशी अजून धड बोलत नाही.

आमचे हे इटियाडोह धरणाच्या कालव्यावर नोकरीला. थोडी शेतीही आहे. धान घरी यायची वेळ झाली होती आणि पोती दरवर्षी ओसरीवरच लागतात. ओसरीवर तर सिनेमा अडकून पडलेला. “कधी जाते हा माणूस?” हे रोज संध्याकाळी विचारायचे.

“शेवटचा सीन झाला का जाईल.”

“कोणाचा? आपला?”

मी मात्र कामाला लागले. ओळ काही मोठी नव्हती. फाटकापाशी वळून पाहुण्याने एवढंच म्हणायचं, “वहिनी, तुमचं घर तुमाले परत देतो.” मी ‘वहिनी’ म्हटलं की पुढचं सगळं धबाधबा यायचं. मी गप्प राहिले की काहीच नाही. पाढे पाठ करून घेते तसं मी करून घेतलं. भांडी घासताना, शाळेत निघताना, कपडे वाळत घालताना. आमच्या ह्यांना पाठ झालं, शेजारणीला पाठ झालं. दादांना नाही. म्हणून ते दिवसभर फाटकापर्यंत जायचे आणि परत यायचे. ते त्यांचं निघणं नव्हतं, ती तालीम होती.

दोन लग्नांच्या मधे एक सकाळ काढून पोरगा आला. सोबत वहिनीचं काम करणारी मुलगी. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, “मॅडम, आज मुँह बंद. एक ही बार करूँगा.” मी नेहमीच्या जागी, दाराआड उभी राहिले.

ते उठले. बॅग घेतली, पायऱ्या उतरले, फाटकापाशी गेले, वळले. वहिनी ओसरीवर उभी होती. त्यांनी तोंड उघडलं, आणि ओळ आली नाही. नजर वहिनीवरून सरकली आणि माझ्या दाराकडे आली. फटीतून मला ते दिसत होते, त्यांनाही मी दिसत असेन. एक शब्द टाकला असता तर माणूस सुटला असता आणि सीन गेला असता. मी पदराचा बोळा तोंडात कोंबला. तरी ते बघतच राहिले, आईने गर्दीत हात सोडल्यावर पोर बघतं तसे. मग त्यांनी माझ्या दाराकडे बघून हात जोडले आणि पाठ फिरवून चालू लागले.

पोरगा ‘कट’ म्हणायचं विसरला. भानावर आल्यावर उड्या मारायला लागला, “दादा! क्या किया आपने! लाइन की ज़रूरत ही नहीं थी!”

दादांनी ते ऐकलं नाही. बहिरा कान आमच्याकडे होता. ते चालतच राहिले. आम्हाला वाटलं, वळणापर्यंत जाऊन येतील. मी ताटंसुद्धा मांडली. शेवटी पोरगा मोटरसायकल घेऊन चौकात गेला, तर कोहमाऱ्याची बस निघून गेली होती. आपलं काम फसलं, असं समजून माणूस गेला होता.

आमच्या ह्यांनी त्याच दिवशी ओसरीवर पोती आणून लावली. मी त्यांच्यावर विनाकारण डाफरले. आमगावला फोन केला तर सून म्हणाली, बाबा कोणाशीच बोलत नाहीत. सीन छान झाला, असं त्यांना सांग म्हटलं. तिने सांगितलं, पण त्यांना वाटलं, मी समजूत घालतेय.

सिनेमा मोबाईलवर आला. लोकांनी हसून हसून पाहिला, आणि शेवट पुन्हा पुन्हा लावून पाहिला. तो पाहुणा जाताना कसा बघतो, हेच जो तो बोलायला लागला.

मग एका दुपारी त्यांचा फोन. मागे मंडप ठोकल्याचा आवाज, माणसांची आरडाओरड. सिनेमा पाहून वडशाच्या एका नाटक कंपनीने बोलावणं धाडलं होतं.

“मुक्याचं काम हाय, बाई! पुऱ्या नाटकात एक शब्द नाही! लोक हसूनबी राहिले अन् रडूनबी राहिले. आता मले आवाज लागतच नाही!”

एकदा जेवायला या, असं मी वर्गातल्या आवाजात ओरडले. ऐकलं की नाही, कोण जाणे. तिकडे कोणीतरी त्यांना हाक मारली आणि फोन बंद झाला. मला इतका आनंद झाला की रडू आवरेना.

आमच्या ह्यांनी घाबरून पोत्यांकडे पाहिलं. “काऊन रडून राहिली? परत येते का तो?”

“नाही,” मी म्हटलं. “आता कायले येतील ते?”