खोडलेलं साळिंदर

आमच्या वसाहतीत त्यांना सगळे कानामात्राकाका म्हणत. त्यांच्या तोंडावर कोणी म्हणत नसे, पण त्यांना ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही असावं. एकतीस वर्षं त्यांनी छापखान्यात मुद्रितं तपासण्यात घालवली होती. निवृत्त झाले तरी हातातलं लाल पेन काही सुटलं नाही. जिन्यातल्या पाणीकपातीच्या सूचनेत ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केल्याशिवाय ते खाली उतरत नसत. पाणी किती वाजता जाणार हे मात्र आम्हाला त्यांच्या दुरुस्त्यांमधून शोधून काढावं लागे.

आमच्या इमारतींच्या मागे भिंत आहे आणि भिंतीपलीकडे रान. रान म्हणजे काही घनदाट जंगल नव्हे. काटेरी झुडपं, एक ओढा, जुनी पडकी पाण्याची टाकी. पण तिथे घोरपड होती, मुंगसं होती, उदमांजर होतं. येता-जाता कोणाला ना कोणाला काहीतरी दिसायचंच. मग काकांनी ठरवलं की याची रीतसर नोंद झाली पाहिजे. जाड पुठ्ठ्याची एक वही आणली, तिच्यावर सुबक अक्षरात ‘वन्यजीव दर्शन नोंदवही’ असं लिहिलं आणि स्वतःची नेमणूक स्वतःच केली.

वही ठेवली, तिथपर्यंत ठीक होतं. पण लोक नोंदी करायला लागल्यावर काकांमधला मुद्रिततपासनीस जागा झाला. दर रविवारी सकाळी ते जेवणाच्या टेबलावर वही उघडून बसत आणि आठवड्याच्या नोंदी तपासत. ‘शेपटीची लांबी दिलेली नाही.’ काट. ‘दिशा चुकीची, टाकी ईशान्येस आहे, पूर्वेस नव्हे.’ काट. कोणीतरी ‘घोरपड दीसली’ असं लिहिलं, तर ‘दीसली’ दीर्घ म्हणून ती घोरपडच रद्द.

तळमजल्यावर राहणारी नर्स दवाखान्यातली रात्रपाळी संपवून सकाळी सहाच्या सुमारास मागच्या वाटेने घरी येते. एका रविवारी ती काकांसमोर येऊन बसली. मी तेव्हा वर्तमानपत्र परत द्यायला गेलो होतो, म्हणून हे सगळं माझ्या कानांनी ऐकलं.

“काका, काल टाकीजवळ साळिंदर होतं. मला बघून काटे फुलवले आणि झुडपात गेलं.”

“होतं, की असल्यासारखं वाटलं?”

“होतं.”

“साळिंदर निशाचर आहे. सकाळी सहाला ते बाहेर काय करत होतं?”

“त्याचीही रात्रपाळी सुटली असेल,” नर्स म्हणाली.

काका हसले नाहीत. मग तिने पर्समधून एक काटा काढून टेबलावर ठेवला. वीतभर लांब, काळा-पांढरा. काकांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि वहीत लिहिलं: ‘काटा हा काट्याचा पुरावा आहे, प्राण्याचा नव्हे.’ खाली लाल रेघ मारली. काटा मात्र ठेवून घेतला, ‘कार्यालयीन कामासाठी’. कार्यालय म्हणजे त्यांच्या टीव्हीखालचा खण.

स्वतः काकाही रानात जात, पण करकरणारे बूट घालून, गळ्यात दुर्बीण अडकवून, आणि सोबत जो कोणी तावडीत सापडेल त्याला मोठ्याने माहिती देत. त्यांच्या आवाजाने ओढ्यातली बेडकंसुद्धा गप्प होत. दोन वर्षांत त्यांच्या स्वतःच्या नावावर तीन नोंदी होत्या आणि तिन्ही मंजूर. एक मुंगूस, एक ‘मोठा पक्षी’ आणि एक ‘दुर्मिळ पांढरा ससा’. तो ससा पलीकडच्या इमारतीतल्या शिंपिणीचा होता, पिंजऱ्यातून निसटलेला. दुपारी ती त्याला गाजर दाखवून घरी घेऊन गेली. सगळ्या वसाहतीला ते ठाऊक होतं. त्यांना सांगायचं कोणी, हा प्रश्न होता.

अशात नगरपालिकेची नोटीस आली. रानातून रस्ता जाणार होता, सरळ, ओढा बुजवून. हरकती असल्यास मांडाव्यात.

काका खूश झाले, हे सांगायला मला संकोच वाटतो, पण झाले. दोन वर्षांनी त्यांच्या वहीला गिऱ्हाईक मिळालं होतं. सुनावणीच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून, वही कापडात गुंडाळून ते आमच्यापुढे चालत नगरपालिकेत गेले. आम्ही नऊ-दहाजण मागे.

रस्त्याचे काम पाहणारे इंजिनिअर सभ्य गृहस्थ होते. त्यांनी शांतपणे पानं उलटली. बराच वेळ उलटली.

“यात दोनशे बारा नोंदी आहेत,” ते म्हणाले.

“काटेकोर तपासलेल्या,” काका म्हणाले.

“हो. त्यातल्या दोनशे नऊ तुम्हीच रद्द केल्यात. म्हणजे तुमच्याच वहीप्रमाणे या रानात एक मुंगूस, एक पक्षी आणि एक ससा आहे.”

मागे बसलेली शिंपीण खाली बघत होती. ससा तिचाच होता, त्यामुळे हिशेबात तोही धरायला नको होता.

“तसं नाही,” काका म्हणाले. “मी फक्त शुद्धता…” आणि वाक्य तिथेच राहिलं. एकतीस वर्षं दुसऱ्यांची वाक्यं पुरी करणाऱ्या माणसाला स्वतःचं एक पुरं करता येईना. इंजिनिअरने पुढच्या बुधवारी जागा पाहायला येतो म्हणून सांगितलं आणि आम्ही परतलो. वाटेत काकांशी कोणी बोललं नाही. मीसुद्धा नाही, आणि त्याचा मला फार पश्चात्ताप नाही.

पुढचे दोन दिवस काका टेबलावरून हलले नाहीत. छापखान्यात चुकून खोडलेला मजकूर परत हवा असेल, तर त्याच्याखाली टिंबं देतात आणि समासात लिहितात, ‘राहू द्या’. काकांनी एकेका नोंदीखाली टिंबं द्यायला घेतली. घोरपड, राहू द्या. उदमांजर, राहू द्या. दोनशे नऊ वेळा. काकू, म्हणजे त्यांची बायको, जेवायचं ताट टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवायची आणि आत जायची.

बुधवारी संध्याकाळी पाच वाजता इंजिनिअर आले. काकांनी टिंबांची वही पुढे केली. त्यांनी ती नम्रपणे बाजूला ठेवली. “आता ही वही काही उपयोगाची नाही हो. चला, प्रत्यक्षच बघू.” दोघे रानात गेले, करकर करत. तासाभराने परत आले ते फक्त झुडपांचे काटे आणि चिलटं घेऊन. इंजिनिअरच्या चेहऱ्यावर निर्णय झाल्यासारखा दिसत होता. काकूने त्यांना चहाला वर बोलावलं आणि मीही गेलो.

काकू स्वयंपाकघरात कोबी चिरत होती. उजेड उतरत चालला होता. तिने घड्याळाकडे पाहिलं, कोबीचा दांडा उचलला आणि खिडकीतून भिंतीपलीकडे अचूक फेकला.

“इथे उभे राहा,” ती इंजिनिअरला म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. “आणि तुम्ही बूट काढा. बोलू नका.”

पाच-सात मिनिटं गेली असतील. झुडूप हललं. आधी एक मोठं साळिंदर डुलत बाहेर आलं, त्याच्यामागे दोन छोटी. मोठ्या साळिंदराने दांडा पुढच्या दोन पायांत धरला आणि कुरतडायला लागलं. आवाज वरपर्यंत येत होता.

“हे रोज येतं?” इंजिनिअरने कुजबुजत विचारलं.

“रोज नाही. पाऊस असला की दांडी.”

“मग तुम्ही वहीत नोंद का नाही केलीत?”

“केली होती की. पहिल्याच आठवड्यात, चौथी नोंद. यांनी खोडली. कारण लिहिलंय, ‘साक्षीदार जवळचा नातेवाईक.’”

काका खिडकीच्या चौकटीला धरून अनवाणी उभे होते. दोन वर्षं ज्या जनावरासाठी ते रान तुडवत होते, ते त्यांच्याच घरचा कोबी खाऊन पोसलं होतं. त्यांचा चेहरा मी पाहिला आणि मला हसू येईना, एवढंच सांगतो. साळिंदर गेल्यावरही ते तिथून हलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी ते तळमजल्यावर गेले, नर्सच्या हातात तो काटा ठेवला, “हे तुमचं,” म्हणाले आणि जिना चढून वर आले.

इंजिनिअरने आपल्या अहवालात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं लिहिलं. रस्ता ओढ्याच्या पलीकडे सरकला. रानाचा तिसरा हिस्सा तरीही गेला, टाकीसकट. कोबीच्या एका दांड्यात इतकंच मिळतं.

वसाहतीच्या वार्षिक सभेसाठी काकांनी दोन पानी निवेदन तयार केलं. ‘आमच्या काटेकोर नोंदींमुळे रान वाचले,’ असं त्यात पहिलंच वाक्य होतं. नर्स संतापली. तिने ते काकूला वाचून दाखवलं आणि विचारलं, “तुम्ही काहीच बोलणार नाही?”

काकू कपडे वाळत घालत होती. “लिहू दे,” ती म्हणाली. “साळिंदराला कुठे वाचता येतं.” मग तिने दुसरी चादर झटकली आणि नर्सला तिचं एक टोक धरायला लावलं.